डॉक्टरांच्या मानेतला आवाज

पराग सबनीस आपल्या वडिलांची नक्कल फार छान करायचा. ऑपरेशन थिएटरच्या मागे चहा प्यायची एक चिंचोळी खोली होती, तिथं हा खेळ चालायचा. डावा हात कमरेवर, उजवा पुढे पसरलेला, आणि बोटं नाचवत तो म्हणायचा, "द्या हो बाई, ते द्या... ते हे... आपलं ते... कापायचं!"

"कात्री का, सर?" भुलीचे डॉक्टर हुंबे त्याला साथ द्यायचे.

"तेच! मग इतका वेळ काय करत होतात? डोकं घरी ठेवून आलात?"

खोलीतले सगळे हसायचे. माझं हसणं सगळ्यांत मोठं असायचं.

त्या सोमवारी असंच हसणं चालू असताना दार उघडलं आणि मोठे डॉक्टर आत आले. परागने पटकन हात खाली घेतला आणि तो चहाचा कप शोधायला लागला. हुंब्यांना खिडकीबाहेर एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"काय चाललंय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही बाबा. असंच."

ते उभे राहिले. आमच्या तोंडांकडे त्यांनी एकेक करून बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग हातातल्या फाइलकडे. आपण इथं कशासाठी आलो तेच त्यांना आठवत नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं. शेवटी "लवकर आटपा" एवढं बोलून ते निघून गेले. दार लागल्यावर परागने भुवया उंचावल्या, आणि आम्ही पुन्हा हसलो.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते आणि श्रीरामपुरात डॉक्टर रघुवीर सबनिसांच्या हॉस्पिटलमध्ये थिएटर सिस्टर होते. आसपासच्या पन्नास-साठ गावांत पोटाचं ऑपरेशन म्हटलं की हेच नाव घेतलं जायचं. त्यांचा हात सोन्याचा आहे असं सगळा तालुका म्हणायचा. खोटं नव्हतं ते. त्यांचं तोंड कशाचं आहे हे फक्त आम्हाला माहीत होतं.

माझं नाव सलोमी ओहोळ. चौदा वर्षांत त्या माणसाने मला एकदाही सिस्टर म्हटलं नाही. ओहोळ बाई, नाहीतर नुसतं बाई. चिमटा मनासारखा मिळाला नाही तर तो माझ्या पायाशी येऊन पडायचा. बाहेरगावचे पाहुणे डॉक्टर ऑपरेशन बघायला आले की मी शेजारी उभी असताना हे त्यांना सांगायचे, "आमच्याकडे नगरच्या मिशनच्या शाळांतून या पोरी येतात. गरीब असतात, सरळ असतात. डोकं मात्र बेताचं." पाहुणे हसायचे. पाहुण्यांचं ते कामच असतं.

एवढ्यावर मी त्यांचा द्वेष केला नसता. शिव्या खाणं आमच्या धंद्यात चालतंच. पण त्याच्या चार वर्षं आधी परागने एका बाईचं पोट शिवायला घेतलं तेव्हा मी म्हणाले होते, "छोटे डॉक्टर, एक मॉप कमी भरतोय." रक्त टिपायच्या जाड कापडाला आम्ही मॉप म्हणतो. पराग म्हणाला, "तुमची मोजणी चुकली असेल," आणि त्याने शिवून टाकलं. नवव्या दिवशी त्या बाईला ताप चढला, पोट फुगलं, पुन्हा उघडावं लागलं. आत मॉप होता. बाई वाचली. तिच्या नातेवाइकांनी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर आरडाओरडा सुरू केला तेव्हा मोठे डॉक्टर मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यांची मोजणी चुकली. मी यांना घरी बसवतोय."

पंधरा दिवस मी घरी बसले. रविवारी चर्चमध्ये बायका माझ्या शेजारच्या बाकावर बसायचं टाळायला लागल्या. सोळाव्या दिवशी मी कामावर परत आले, कारण आईच्या औषधपाण्याचं बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. परागने मला बघून न बघितल्यासारखं केलं. मोठ्या डॉक्टरांनी तेही केलं नाही. "बाई, हातमोजे साडेसात नंबरचे," एवढंच ते बोलले.

म्हणून त्या वर्षी जेव्हा त्यांचे शब्द हरवायला लागले, तेव्हा माझ्या मनात दयेचा लवलेश नव्हता.

सुरुवात शब्दांनीच झाली. कात्री आठवेना, पेशंटचं नाव आठवेना. जो माणूस बोलता बोलता तीन कामं करायचा, तो आता एका साध्या प्रश्नापाशी थांबून राहायचा. हात धुवायला उभे राहिले की धुऊन झाल्यावर पुन्हा साबण घ्यायचे. गंमत अशी की हात मात्र तसेच होते. एकदा छेद दिला की बोटं आपली आपण चालायची, कुठेही अडायची नाहीत. अडायचं ते ठरवताना. आधी हे की आधी ते, इथं की तिथं, याला त्यांना आता फार वेळ लागायचा.

दुपारी तर ते फारच मंद व्हायचे. मध्येच चक्कर यायची. बीपी वाढलं असणार असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि गोळ्या दुप्पट केल्या. डोळ्यांचीही तक्रार सुरू झाली. "डाव्या डोळ्यापुढे मध्येच काळा पडदा उतरतो. दोन मिनिटांत जातो," असं ते हुंब्यांना सांगताना मी ऐकलं. सहा महिन्यांत त्यांनी दोनदा चष्मा बदलला.

"वय झालं," पराग म्हणायचा. "त्यांनी आता बसावं." बोलायचा आमच्यासमोर. वडिलांसमोर त्याचा आवाज निघायचा नाही. छत्तीस वर्षांचा, शिकलेला सर्जन, पण बापाची खुर्ची आपोआप रिकामी होईल याची वाट बघत बसलेला. हुंब्यांबद्दल तर काय सांगावं. कोण पडणार आणि कोण चढणार याचा अंदाज येईपर्यंत हा माणूस कुणाच्याच बाजूने श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

आणि मी? मी हसत होते.

चहाच्या खोलीतल्या त्या सोमवारनंतर दोन दिवसांनी, एक ऑपरेशन संपल्यावर मोठे डॉक्टर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिले. मी साहित्य आवरत होते.

"बाई, बीपी बघा माझं."

मी दंडाला पट्टा बांधला. बीपी कमी होतं, वाढलेलं नव्हतं. ते डोळे मिटून, डाव्या डोळ्यावर तळहात दाबून बसले होते.

"पडदा आला का, सर?"

"हं."

मी शिकत असताना आमची एक म्हातारी मेट्रन होती. डोळ्यावर पडदा येतो असं पेशंट म्हणाला की त्याच्या मानेला कान लावा, असं ती आम्हाला घोकून सांगायची. का कोण जाणे, पण त्या वेळी मी स्टेथोस्कोप दंडावरून उचलला आणि त्यांच्या जबड्याखाली, मानेच्या डाव्या अंगाला टेकवला.

नळाची चावी जवळजवळ बंद केली की पाइपात पाणी जसं घुसमटून वाजतं, तसा आवाज येत होता. सूंऽ... सूंऽ... सूंऽ... हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एकदा. उजव्या बाजूलाही होता, पण हलका.

त्यांनी डोळे उघडले. "काय करताय? बीपी दंडात बघतात, बाई. मानेत नाही. चौदा वर्षं झाली तुम्हाला इथं."

"हो सर."

"किती आहे?"

"ठीक आहे सर," मी म्हणाले आणि स्टेथोस्कोप खिशात घातला.

पुढच्या दिवसांत मी चहाच्या खोलीत जाणं बंद केलं. थिएटरमध्ये मात्र मी त्यांच्या हाताला खिळून राहिले. ते नाव चुकले की मी हळूच दुरुस्त करायचे. दोनदा हात धुवायला लागले की टॉवेल पुढे करायचे. ते काही मागायच्या आधीच ते त्यांच्या हातात पडायचं. कुणाला वाटलं असतं, किती मनापासून काम करते ही बाई. परागला तसं वाटलंही. "सिस्टर, तुम्ही कशाला सांभाळून घेताय त्यांना?" त्याने एकदा मला जिन्यात गाठून विचारलं.

"पेशंटसाठी," मी म्हणाले.

"एकदा काहीतरी होऊ दे की. त्याशिवाय ते थांबायचे नाहीत."

मी त्याच्याकडे बघितलं. तो शांतपणे बोलत होता, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसा. मला त्याची शिसारी आली. जिना उतरताना माझ्या मनात आलं, मी काही याच्यासारखी नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी रंगनाथ पुंड टेबलावर होता. मार्केट यार्डातला हमाल, पस्तीस-छत्तीस वर्षांचा, पोती उचलून उचलून जांघेत हर्निया उतरलेला. डाव्या बाजूला. आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्याला उभं करून, खोकायला लावून स्वतः तपासलं होतं आणि कागदावर डावा असं लिहिलं होतं. सकाळी त्याची बायको वॉर्डच्या दारात मला म्हणाली होती, "सिस्टर, नीट बघा बरं का. घरात कमावणारा ह्यो एकटाच आहे."

त्याच्या पाठीचा कणा लहानपणी झाडावरून पडल्यामुळे वाकडा झाला होता. पाठीत सुई देता येईना म्हणून हुंब्यांनी त्याला पूर्ण भूल दिली. म्हणजे तो बोलणार नव्हता. आणि हर्निया अशी गोष्ट आहे, की माणूस आडवा झाला की ती आत जाते. दोन्ही जांघा सारख्या दिसत होत्या.

परागने दोन्ही बाजूंना औषध लावलं. मोठे डॉक्टर पुढे आले, हिरव्या चादरी घेतल्या, आणि बराच वेळ थांबले. मग त्यांनी चादरी अंथरल्या. उघडी ठेवली ती उजवी बाजू.

मी हुंब्यांकडे बघितलं. ते मॉनिटरकडे बघत होते. तो कागद त्यांच्या हाताखालीच होता. मी परागकडे बघितलं. तो आधी त्या उघड्या चौकोनाकडे बघत होता, मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. त्याने अगदी हळू, दोनदा, मान हलवली. नाही. बोलू नका.

"सुरी," मोठे डॉक्टर म्हणाले.

सुरी माझ्या हातात होती. मी दिली नाही.

"बाई, सुरी."

मी तशीच उभी राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मिनिट, दीड मिनिट. एवढ्या वेळात तिथल्या तीन माणसांपैकी कुणीही बोलू शकलं असतं.

"सर, बाजू चुकतेय," मी म्हणाले. "हर्निया डावीकडे आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच लिहिलंय. कागद बघा."

"काल मी स्वतः तपासलाय. उजवा आहे. पराग, सांग यांना."

पराग खाली बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. टेबलावर एक माणूस निपचित पडलेला, आणि हा सर्जन म्हणतोय, तुम्ही म्हणाल तसं.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या हातून सुरी हिसकून घेतली. एक पाऊल पुढे टाकलं. आणि सुरी त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली. त्यांनी हाताकडे बघितलं. उजवा हात कोपरापासून लोंबत होता. तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता. "मला ती... पाणी... खाली पाणी द्या..." असं काहीतरी ते बोलायला लागले. शब्द सगळे मराठीच होते, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. तोच खेळ पराग रोज करून दाखवायचा. आज कुणी हसलं नाही.

मी त्यांना स्टुलावर बसवलं, मग आम्ही दोघांनी जमिनीवर आडवं केलं. हुंब्यांना टेबलापासून हलता येत नव्हतं.

"बीपी चढलंय," तो म्हणाला. "गोळी द्या. जिभेखाली द्या."

"गोळी देऊ नका!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची आया आत डोकावली. "बीपी चढलेलं नाही. यांच्या मानेतली रक्तवाहिनी आवळलीय. मेंदूला रक्त पोचत नाहीये आणि तुम्ही ते आणखी कमी करताय."

"तुम्हाला काय माहीत?"

"आवाज येतो तिथं. मी ऐकलाय."

"कधी?"

खोटं बोलायला मला वेळ मिळाला नाही. "तीन आठवडे झाले."

परागने हात थांबवला. "तीन आठवडे?" तो सावकाश म्हणाला. रस्त्यात काहीतरी किमती सापडावं, तसा त्याचा आवाज झाला होता.

सात-आठ मिनिटांत मोठ्या डॉक्टरांचा हात हलायला लागला, बोलणं जागेवर आलं. त्यांना आत खाटेवर झोपवलं. मी नव्या चादरी काढल्या, डावी बाजू उघडी ठेवली आणि परागला म्हणाले, "छोटे डॉक्टर, इथं." त्याने निमूटपणे ऑपरेशन केलं, आणि चांगलं केलं. रंगनाथ पुंड पाचव्या दिवशी चालत घरी गेला. त्या टेबलाशी काय झालं हे त्याला कधी कळलं नाही.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना पुण्याला नेलं. तिथल्या तपासणीत डावी नस शंभरातले नव्वद हिस्से बंद निघाली, उजवी साठ. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं ते मला नंतर कुमुदबाईंनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या बायकोने, सांगितलं. नसेच्या आत चरबीचा थर साचत जातो. मेंदूला रक्त पुरत नाही, म्हणून विचार मंदावतो, शब्द सापडत नाहीत, ठरवता येत नाही. त्या थराचे कण सुटून वर गेले की डोळ्यापुढे अंधार येतो, हात लुळा पडतो. एखादा मोठा कण गेला की कायमचं. हे वय नव्हे. गोळ्या दुप्पट घेऊन त्यांनी उरलासुरला प्रवाहही कमी केला होता.

"वर्षभर आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं," कुमुदबाई म्हणाल्या. "एवढे डॉक्टर घरात. एकालाही कळलं नाही. तुम्हाला कळलं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी लाजले.

डावी नस उघडून साफ केली. अडीच महिन्यांनी मोठे डॉक्टर परत आले. मानेवर कानाखालपासून एक लाल रेघ होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. चौदा वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते.

"पुण्यात मी सांगितलं, निदान आमच्या थिएटरच्या बाईंनी केलं. ते म्हणाले, अशी बाई आमच्याकडे पाठवा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला. तीन आठवडे का थांबलात?"

मी उत्तरं घोकून आले होते. खात्री नव्हती. भीती वाटली. नर्सने डॉक्टरला काय सांगावं. पण ते समोरून बघत होते आणि त्या नजरेत आता कुणी शब्द शोधत नव्हतं.

"मला बघायचं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्ही सगळ्यांसमोर पडताना."

त्यांनी मान हलवली. राग नाही, आश्चर्य नाही. "मॉपचं प्रकरण?"

"तेही."

"ती चूक परागची होती. मला त्याच दिवशी माहीत होतं." आजची तारीख सांगावी तसं त्यांनी सांगितलं. "दुसरा प्रश्न. त्या गुरुवारी परागला बाजू कळली होती?"

"हो."

"खात्री आहे?"

"त्यांनी मान हलवून मला खुणावलं. मी बोलू नये म्हणून."

"हुंबे?"

"त्यांच्या हाताखाली कागद होता."

बाहेर ओपीडीत कुणीतरी नंबर पुकारत होतं. मला वाटलं, आता हा म्हातारा उठेल, पोराला बोलावेल, आणि त्याची जी काही हजामत करेल ती मी इथं बसून ऐकेन. खरं सांगते, मी खुर्चीत जरा सरसावून बसले.

"एक तारखेपासून हॉस्पिटल परागच्या नावावर होतंय," ते म्हणाले. "मी आता सुरी धरणार नाही."

मला वाटलं त्यांना समजलं नाही. वाटलं, नस नीट साफ झालेली नाही. मी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं बोलायला लागले. "सर, मी आत्ता काय सांगितलं? पराग सरांना—"

"ऐकलं मी. माझे कान कधीच बिघडले नव्हते." ते पुढे झुकले. "तो किती वेळ गप्प होता?"

"मिनिट... दीड मिनिट."

"आणि तुम्ही तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत मी किती माणसं उघडली?"

"अकरा," मी म्हणाले. मला आकडा लगेच आठवला. मी मोजत होतेच.

"अकरा. त्यांतल्या एकालाही इजा झाली नाही, ती तुमच्यामुळे. तेही माझ्या लक्षात आलंय. पण बाई, ते तुम्ही त्यांच्यासाठी केलं नाहीत. खेळ लवकर संपू नये म्हणून केलंत."

मी पुन्हा मागे, खुर्चीला टेकून बसले.

"तो दीड मिनिटाचा, तुम्ही तीन आठवड्यांच्या," ते म्हणाले. "तो माझा मुलगा आहे. सांगा, दोघांतल्या कुणाला ठेवू आणि कुणाला काढू?"

एवढ्या सरळ रेषेत, एवढ्या झटकन बोललेलं मी त्यांना वर्षभरात ऐकलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी काम उत्तम केलं होतं. माणूस पूर्ण बरा झाला होता. आणि बरा होऊन, डोक्यात भरपूर रक्त खेळत असताना, डोळे उघडे ठेवून तो त्या पोराच्या हातात पन्नास गावांची पोटं देत होता. मला त्यांचा तिरस्कार वाटत होता. पण तो पूर्वीसारखा मोकळेपणाने वाटेना. प्रत्येक वेळी मध्येच अकरा हा आकडा यायचा.

"मीच जाते," मी म्हणाले. "मला फक्त अनुभवाचं पत्र द्या."

"आत्ता देतो."

त्यांनी हॉस्पिटलच्या नावाचा कागद ओढला आणि टाकाने लिहायला सुरुवात केली. रजिस्टर मागवलं नाही. मी कोणत्या तारखेला रुजू झाले, किती वर्षं, किती महिने, कोणकोणत्या ऑपरेशनांत मदत केली, सगळं एका दमात लिहिलं, एकही शब्द न खोडता. सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाचून घ्या."

"नको सर."

महिन्याभराने नेवासा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी मुलाखतीला गेले. तिघं बसले होते. मधल्या वयस्कर बाईंनी ते पत्र हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. कामात निष्णात. वक्तशीर. मोजणीत अचूक. अत्यंत दक्ष.

"डॉक्टर सबनिसांनी एवढं लिहिलंय म्हणजे झालंच," त्या म्हणाल्या. मग पत्र उलटून पुन्हा सुलटं केलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "अशा पत्रात नेहमी एक शब्द असतो. प्रामाणिक. तो राहिलाय वाटतं. मोठी माणसं, घाईत विसरतात."

"हो," मी म्हणाले.

मला नोकरी मिळाली. पण मी त्यांना लिहिताना बघितलं होतं. 'दक्ष'च्या पुढे टाक थांबला होता, त्यांनी एकदा वर माझ्याकडे बघितलं होतं, आणि मग पूर्णविराम दिला होता. ते विसरले नव्हते.